दादाची उजवी बाजू

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्याबाहेर कुठे उरलं नव्हतं. लहानपणी ती एका जागी बसायची नाही म्हणून दादाने तिला भिंगरी म्हटलं. तिशी ओलांडून ती चष्म्याच्या दुकानात चांगली मुरली, तरी घरीदारी भिंगरीच राहिली. दुकानात तिचं काम डोळ्यांचं माप घेण्याचं. एका बाहुलीपासून दुसऱ्या बाहुलीपर्यंतचं अंतर ती खिशातल्या छोट्या पारदर्शक पट्टीने मोजायची. हे अंतर जरा जरी चुकलं तरी नवा चष्मा घातलेल्या माणसाला जिना तिरका दिसतो, डोकं धरतं आणि तो भांडायला परत येतो. भिंगरीने मापलेल्या चष्म्याचं भांडण आजवर आलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो कसा असतो हे पुढे कळेलच.

तिला सिनेमा करायचा होता. फोनवर तिने इतकं चित्रण करून ठेवलं होतं की फोन सारखा जागा नाही म्हणून कुरकुरायचा, पण एकही सिनेमा पुरा झाला नव्हता. एक शॉट दहादा घ्यायचा, मग दहातला कुठला चांगला हे ठरवत महिना घालवायचा, मग नवीनच काहीतरी सुचायचं. "तुझं म्हणजे साड्यांच्या दुकानात शिरलेल्या बाईसारखं आहे," वहिनी म्हणायची. "सगळं उलगडून ठेवायचं आणि रिकाम्या हाताने घरी यायचं."

म्हणून ती मास्तरांकडे गेली. मास्तर निवृत्त कॅमेरामन. आपल्या जुन्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते रविवारी चार-सहा जणांना फिल्मच्या कॅमेऱ्यावर शिकवत. कॅमेरा एकच होता, शिलाई मशीनच्या डोक्याएवढा जड. बाजूला चावी. ती पिळली की पोटातली स्प्रिंग ताणली जायची आणि बटण दाबलं की कॅमेरा अर्धा मिनिट मांजरासारखा घुरघुरायचा. मग दमायचा. समोर लेन्स, आणि डाव्या अंगाला, लेन्सपासून चार बोटं लांब, बघायची नळी. डोळा नळीला लावायचा, पण फिल्मवर उमटणार ते लेन्सला दिसेल तेच.

"हे दोघे शेजारी आहेत, एक नव्हेत," मास्तर सांगत. "लांबचं बघायचं असेल तर दोघांना सारखंच दिसतं. जवळचं बघायला गेलात की एकाला एक दिसतं, दुसऱ्याला दुसरं. म्हणून नळीच्या मागे ही खुंटी दिली आहे. जवळ आलात की खुंटी फिरवा, नळी जरा आत वळते." हे ते इतक्यांदा सांगत की वर्गातले लोक त्यांच्याबरोबर ओठ हलवायचे. सगळ्यात जोरात भिंगरीचे हलायचे.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने एक सिनेमा करायचा होता. एकच रीळ मिळणार, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. शॉट जसे पडद्यावर दिसायला हवेत त्याच क्रमाने घ्यायचे, नंतर कापाकापी नाही. चुकलं तर चुकीसकट. आणि लॅबमधून धुऊन आलेली फिल्म सर्वांसमोर पडद्यावर लागेपर्यंत कोणीही बघायची नाही. यातून मास्तर एकाला निवडणार होते आणि त्याला तो कॅमेरा वर्षभरासाठी मिळणार होता. निवडायची कसोटीही त्यांनी सांगून टाकली होती. "पडद्यावर जे आहे ते तिथे का आहे, हे ज्याला सांगता येईल त्याचा कॅमेरा."

भिंगरीला त्या कॅमेऱ्याने झपाटलं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघता बघता ती मनातल्या मनात चावी पिळायची. एक वर्ष कॅमेरा घरात राहिला तर फोनने जे बिघडवलं ते सुधारेल, ठरवायची सवय लागेल, डोक्यात घोळणारा मोठा सिनेमा एकदाचा हातातून उतरेल, अशी तिची खात्री पटली होती. वर्गात तिला टक्कर देणारा एकच होता. समारंभांचे फोटो काढणारा तो सडपातळ माणूस जिथे जाईल तिथे कॅमेऱ्याची तिपाई बरोबर न्यायचा, म्हणून त्याचंच नाव तिपाई पडलं होतं. तिपाईचं काम स्वच्छ असायचं. शिंकही तो मोजूनमापून देत असावा.

भिंगरीची गोष्ट साधी होती. एक गृहस्थ कचऱ्याची बादली घेऊन घराबाहेर येतो, मागे दार लागतं. तो ढकलतो, खांदा लावतो, विनवण्या करतो, रडकुंडीला येतो. शेवटी बायको बाजारातून येते आणि दार ओढून उघडते. ढकलायचं नव्हतंच, ओढायचं होतं. गृहस्थ म्हणजे दादा. तो एका कचेरीत कारकून होता आणि कचेरीच्या नाटकांत गेली कित्येक वर्षं पहिलं काम त्याचंच असायचं. बायको म्हणजे त्याची बायको, वहिनी. आणि प्रकाशाला आत्या.

आत्या आठ दिवसांसाठी राहायला आली होती, तेव्हा भिंगरी शाळेत होती; आत्या अजून इथेच होती. आत्याचा चेहरा स्वतःच्या मालकीचा नव्हता. समोरचा माणूस जे करील ते तो करायचा. वहिनी सुईत दोरा ओवायला लागली की आत्याचा डोळा बारीक व्हायचा. दादा गरम चहा प्यायला लागला की आत्या फुंकर घालायची, दोन खुर्च्या पलीकडून. एकदा दादाला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, तर आत्याने इतका मोठा आ वासला की डॉक्टर क्षणभर गोंधळले, कोणाचा दात काढायचा. पण फोटो काढायचा म्हटला की हाच चेहरा दगडाचा व्हायचा. घरातल्या प्रत्येक फोटोत आत्या अशी उभी आहे, जणू तिला कोणीतरी ओळख परेडला आणलं आहे. त्यामुळे तिला सिनेमात घ्यायचा प्रश्नच नव्हता. तिने पांढरी चादर धरायची, बोळाच्या टोकाच्या खिडकीतून येणारं ऊन त्या चादरीवर घ्यायचं आणि दादाच्या चेहऱ्यावर टाकायचं, एवढंच.

चित्रणाच्या सकाळी दादा आरशासमोरून हलेना. या भूमिकेसाठी त्याने मिशी वाढवली होती.

"माझी उजवी बाजू चांगली आहे," तो म्हणाला. "तीच घे."

"कोण म्हणतं चांगली आहे?" वहिनीने विचारलं.

"ऑफिसात सगळे म्हणतात."

"ते तर तुमच्या डावीकडे बसतात. त्यांनी उजवी पाहिली कधी?"

"म्हणूनच म्हणत असतील," आत्या म्हणाली.

पहिला शॉट लांबचा होता. अख्खा बोळ, टोकाला दार, दारात बादली घेतलेला दादा. आत्याला जिन्यात लपवलं होतं. भिंगरीने खुंटी लांबच्या खुणेवर आणली, चावी पिळली आणि बटण दाबलं. कॅमेरा घुरघुरला, दादा बाहेर आला, दार लागलं. भिंगरीने बटण सोडलं. एक शॉट झाला होता. कायमचा. आता तो परत घेता येणार नव्हता, दहातून निवडता येणार नव्हता. तिला नाचावंसं वाटलं, पण हातात कॅमेरा होता.

मग जवळचे शॉट आले, आणि त्यांच्याबरोबर मोजायची टेप आली. टेप हातात आली की भिंगरीला दुनिया दिसेनाशी होते. तिने कॅमेऱ्यातल्या फिल्मपासून दादाच्या नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर मापलं, पुन्हा मापलं, वहिनीकडून मापून घेतलं आणि लेन्सवर तोच आकडा लावला. आता नाक खणखणीत येणार यात शंका नव्हती. चोख माप घेतल्याचं समाधान तिच्या अंगभर पसरलं. दुकानात माप एकदा घेतलं की काम संपतं. इथे तेच माप खुंटीवरही लावायचं होतं. खुंटी मात्र होती तिथेच राहिली.

"जवळ ये आत्या. चादर जितकी जवळ तितका उजेड मऊ. अजून जवळ."

"आता काय त्याच्या मिशीत शिरू?"

"थोडी मागे, त्याच्या नजरेसमोर. हां. हनुवटीपर्यंत धर."

नळीत चित्र देखणं दिसत होतं. दादा डावीकडे, उजवी बाजू कॅमेऱ्याला देऊन. उजवीकडे भिंतीची मोकळी जागा, कारण माणूस ज्या दिशेला बघतो त्या दिशेला त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा, असं मास्तरांनी सांगितलं होतं. आत्या आणि चादर त्या जागेच्या लगेच पलीकडे, चित्राबाहेर.

"आता तुला वाटतंय की दार उघडेल," भिंगरी म्हणाली.

दादाच्या चेहऱ्यावर आशा आली. ती नाटकातली आशा होती, शेवटच्या रांगेला दिसेल अशी. आत्याच्याही चेहऱ्यावर आली, पण तिच्याकडे कोण बघतंय.

"आता नाही उघडत."

दादा कोसळला. आत्याचे डोळे भरून आले.

एकेका शॉटनंतर चावी पिळत, माप घेत, ऊन खिडकीतून सरकायच्या आत त्यांनी सगळं उरकलं. शेवटी वहिनी पिशवी घेऊन आली, तिने दार ओढलं आणि आत निघून गेली. कॅमेऱ्यातून रिकामा खुळखुळ आवाज आला. रीळ संपलं होतं. भिंगरी बोळातच खाली बसली आणि कारण नसताना हसायला लागली. तिचं बघून आत्या हसली. मग दादालाही राहवेना.

"झाला?" वहिनीने विचारलं.

"झाला. पुरा झाला."

"म्हणजे या घरात काहीतरी पुरं झालं," वहिनी म्हणाली. "आता बादली कोणीतरी खरोखर खाली न्या."

दाखवण्याच्या दिवशी मास्तरांच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांवर जाड चादरी टांगून दुपार बाहेर ठेवली होती. दादाने सगळी कचेरी बोलावली होती, अगदी साहेबांसकट, आणि साहेबांना पुढची खुर्ची दिली होती. स्वतः तो त्यांच्या डावीकडे बसला, म्हणजे त्याची उजवी बाजू साहेबांकडे राहिली. मिशी त्या दिवशी विशेष वळवलेली होती.

तिपाईचा सिनेमा आधी लागला. रिकाम्या खोलीत उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकतो, खुर्चीवर चढतो, मग खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसतात आणि ऊन त्यांच्या हातावर थांबतं. एक चित्र हललं नाही, एक कड तिरकी नव्हती. मास्तरांनी विचारलं की खुर्ची मधोमध का नाही, तर तिपाईने उभं राहून सांगितलं. उन्हाला चालायला जागा हवी होती. मास्तरांनी मान डोलावली. ती मान पाहून भिंगरीने खिशातली पट्टी चाचपली.

मग तिचं रीळ लागलं.

बोळ दिसला, दार दिसलं, दादा आला. लांबून छान दिसत होता. कचेरीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दार लागलं. भिंगरी खुर्चीत मागे टेकली.

आणि पडद्यावर नाक आलं.

पडद्याच्या डाव्या काठातून एक भलंमोठं, खणखणीत फोकसमधलं नाक आत घुसलं होतं. त्याच्याखाली अर्धी मिशी. बाकीचा दादा पडद्याबाहेर होता. आणि उजवीकडे, पांढऱ्या चादरीत हनुवटीपर्यंत गुंडाळलेली, मान पुढे काढून त्या नाकाकडे टक लावून बघणारी आत्या. तिच्या चेहऱ्यावर आशा उमलत होती. खरी आशा, दार आत्ता उघडेल अशी.

साहेब खुर्चीत पुढे झुकले. मग पुन्हा लांबचा शॉट आला. दादा एकटाच दार ढकलतोय, बोळात चिटपाखरू नाही. पुन्हा जवळचा शॉट, आणि पुन्हा नाक, मिशी, आत्या. दार उघडत नव्हतं. आत्याचा ओठ थरथरला. नाकाने उसासा टाकला तशी मिशीची टोकं हलली आणि आत्याने डोळे पुसायला चादर वर नेली.

पहिलं फुटलं ते साहेबांचं हसू. ते खुर्चीवरून घसरायचेच बाकी होते. त्यांच्यामागे अख्खी कचेरी फुटली, मग वर्ग, मग प्रोजेक्टरमागे मास्तरांचा खोकला सुरू झाला, आणि तो खोकला नव्हता.

"ती भूत आहे का हो?" साहेबांनी दादाला विचारलं.

"शेजारीण असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

"मग लांबून का दिसत नाही?"

"भुतं लांबून दिसत नाहीत. जवळ गेल्यावरच दिसतात."

"अगं, ही तर मी," आत्या म्हणाली. "निदान केस तरी विंचरायला सांगायचंस."

पडद्यावर वहिनीने दार ओढलं तेव्हा लोक बाकांवर हात आपटत होते. भिंगरीला काय वाटतंय तेच तिला कळेना. कॅमेरा हातचा गेला होता आणि त्याच वेळी हसू दाबून बरगड्या दुखत होत्या. दादाकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिने बघितलं. दादा सरळ बसला होता आणि हळूच हाताने स्वतःची मिशी चाचपत होता, आहे की नाही असं.

दिवा लागला. तिपाई वाकून तिच्या कानात म्हणाला, "मुद्दाम केलं म्हण. कोणालाही पटेल. मलाही पटलंय."

मास्तर पुढे आले. डोळे पुसले. "भिंगरी," ते म्हणाले, "पडद्यावर नाक का आहे?"

साहेबही वळून बघायला लागले. एक शब्द बोलायचा होता, मुद्दाम, आणि कॅमेरा वर्षभर घरी येणार होता. भिंगरी उठली. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण टेबलावर कॅमेरा होता आणि त्याची खुंटी तिच्याकडे रोखून बघत होती. रोज लोकांना सांगायचं की अंदाजाने चष्मा घेऊ नका, आणि इथे अख्ख्या खोलीला चुकीचा नंबर लावायचा, हे तिला जमेना. तिने खिशातली पट्टी काढली आणि नळीच्या मध्यापासून लेन्सच्या मध्यापर्यंत लावली.

"हे याच्या बाहुल्यांमधलं अंतर," ती म्हणाली. "माणसाच्या असतं त्याहून जास्त आहे. नळीला पूर्ण दादा दिसत होता. लेन्स चार बोटं उजवीकडे, म्हणून तिला चार बोटं उजवीकडचं दिसलं. दादा आधीच डावीकडे ठेवलेला, तो बाहेर गेला. आत्या बाहेर होती, ती आत आली. मी खुंटी फिरवली नाही."

"किती वेळा सांगितलं होतं?"

"पुष्कळदा. मी तुमच्याबरोबर म्हणायचे."

"म्हणजे हे तू नाही केलंस. कॅमेऱ्याने केलं."

"हो. मी फक्त नाकावर फोकस ठेवला."

"तो उत्तम होता," मास्तर म्हणाले. लोक पुन्हा हसले. "पण मग कॅमेरा तुला द्यायचा की कॅमेऱ्यालाच द्यायचा?" ते तिपाईकडे वळले.

तेवढ्यात वहिनी बोलली. ती मागे दाराशी उभी होती. "मास्तर, आमच्याकडे एखादीचा पदार्थ चुकून चांगला झाला तर आम्ही तिला लगेच नापास करत नाही. पुन्हा कर म्हणतो. मग कळतं, चुकून झाला की येतो."

मास्तरांनी वहिनीकडे बघितलं, मग भिंगरीकडे. "कॅमेऱ्यात वर्गाला दाखवायला भरलेल्या रिळाचं शेपूट उरलं आहे. एका चावीपुरतं. घे. आत्ता, इथे, आणि काय घेतलंस ते आधी सांग. लॅबमधून आल्यावर तसंच निघालं तर बघू."

खिडकीवरची एक चादर काढली. ऊन आत आलं. कचेरीच्या लोकांनी खुर्च्या भिंतीला सारल्या आणि मैदान मोकळं केलं. भिंगरीने कॅमेरा उचलला. तिला कळलं होतं की काय करायचं. आत्याला मधोमध घ्यायचं, खुंटी नीट लावायची, तो चेहरा पडद्यावर भरून टाकायचा. तिने आत्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, माप घेतलं, खुंटी त्या आकड्यावर आणली आणि नळीला डोळा लावला.

नळीत ओळख परेड उभी होती.

"आत्या, जरा हस."

आत्याने दात दाखवले. ते हसू नव्हतं, तपासणी होती.

"आत्या, दार उघडत नाहीये. वाईट वाटतंय तुला."

"कुठलं दार?" ओठ न हलवता आत्याने विचारलं.

"ऊन चाललं," मास्तर म्हणाले.

भिंगरीने डोळा नळीवरून काढला. दादा भिंतीशी उभा होता. कचेरीतल्या कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हटलं होतं आणि तो कसनुसं हसत होता. तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. ती त्याच्याजवळ गेली.

"दादा, तू पुढे ये. दाराचंच काम कर, तेच."

"मला घेतेस?" दादाचा हात मिशीकडे गेला. मग थांबला. तो कारकून असला तरी मूर्ख नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "मी चित्रात आहे?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाक सोडून."

दादाने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. "उजवी बाजू ना?"

"उजवीच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे बोलला, "चला, सरका. माझा शॉट आहे."

"आत्या, राहू दे," भिंगरीने हाक मारली. "दादालाच घेते. तू आपली चादर धर."

आत्याच्या खांद्यांवरून मणभर ओझं उतरलं. तिने खिडकीवरून काढलेली चादर उचलली आणि सवयीने दादाच्या नजरेसमोर जाऊन उभी राहिली. भिंगरीने टेप आणि पट्टी काढली. या वेळी तिने दोन मापं घेतली. एक नाकापर्यंत, दुसरं आत्याच्या कानापासून चित्राच्या काठापर्यंत. मग खुंटी धरली आणि जाणूनबुजून, नीट मोजून, चुकीच्या खुणेवर नेली. मास्तर तिच्या खांद्यामागे होते. त्यांनी ते पाहिलं आणि खोकले.

"काय घेतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"डाव्या काठाला नाक आणि अर्धी मिशी. उजवीकडे आत्या, चादर हनुवटीपर्यंत. डोक्यावर चार बोटं भिंत. तिला सांगू नका."

तिने चावी पिळली, शेवटपर्यंत. बटण दाबलं.

दादाने जे काम केलं ते कचेरीच्या रंगमंचावर त्याने कधी केलं नव्हतं. तिथे तो शेवटच्या रांगेसाठी करायचा. इथे त्याला माहीत होतं की त्याला बघणारी एकच बाई आहे आणि ती जे करेल तेच राहणार आहे. तो सावकाश बोलायला लागला. नसलेल्या दाराला समजावलं, दारावर रुसला, दाराला लहानपणीची आठवण सांगितली, मग डोळे मिटून नुसताच कपाळ टेकल्यासारखा उभा राहिला. वहिनीने ओढणीने तोंड दाबलं होतं. कॅमेरा घुरघुरत होता. भिंगरीने नळीत बघितलंच नाही. नळीत काय आहे ते तिला माहीत होतं. ती लेन्सच्या रेषेत, उघड्या डोळ्यांनी आत्याकडे बघत होती आणि हसू आवरायला जीभ चावत होती; शेवटी तर हसू फुटू नये म्हणून तिने डोळेच मिटून घेतले.

कॅमेरा दमला. थांबला.

"छान केलंस रे," आत्या दादाला म्हणाली. "आता तरी नीट येशील."

रीळ धुऊन यायला पुढचा रविवार उजाडला. या वेळीही कचेरी आली. बोलावलं नव्हतं तरी आली. कॅमेरा मास्तरांच्या टेबलावर होता आणि तिपाई त्याच्या शेजारी, आपल्या तिपाईसकट. दादा मिशी काढून आला होता. विचारलं तर म्हणाला, भूमिका संपली.

पडदा उजळला. डाव्या काठाला नाक आणि अर्धी मिशी. उजवीकडे आत्या, चादर हनुवटीपर्यंत. डोक्यावर भिंत. मास्तर पुढे गेले, पडद्यापाशी वाकले आणि त्या भिंतीवर स्वतःची चार बोटं धरून पाहिली. मग भिंगरीकडे वळून मान डोलावली आणि बाजूला झाले. तिपाईने उसासा टाकला, आपली तिपाई उघडली आणि टेबलावरचा कॅमेरा उचलून तिच्यावर बसवला. "हातात धरून नेशील तर पाडशील," तो भिंगरीला म्हणाला. "ही पण ने. मोठा सिनेमा करशील तेव्हा मला हिच्यामागे उभं कर."

पडद्यावर आत्याचा चेहरा दाराशी भांडत होता, रुसत होता, लहान होत होता. खोली हसता हसता शांत होत गेली होती. आत्या स्वतः पुढच्या खुर्चीत बसून ते बघत होती, आणि तिचा चेहरा पडद्यावरच्या तिच्याच चेहऱ्यामागोमाग चालला होता.

"मी तर चादर धरली होती," ती म्हणाली. पण म्हणताना जरा जास्तच साळसूद दिसली.

भिंगरीने वळून तिच्याकडे पाहिलं, आणि मग पडद्याकडे. अर्ध्या मिनिटातलं शेवटचं चित्र चाललं होतं. पडद्यावरच्या आत्याने नाकावरची नजर काढली. हळूच, चोरून, ती थेट लेन्सकडे वळली, बघायच्या नळीकडे नव्हे, बरोबर लेन्सकडे. एका बोटाने कानामागे केस सारले. मग चादरीचा कोपरा उचलला आणि दादाचं नाक झाकून टाकलं.